बीटल्स ऐकायला सुरुवात ‘सार्जंट पेपर’पासून करावी की ‘रिव्हॉल्व्हर’पासून?

‘रिव्हॉल्व्हर’पासूनच करा. दोन्ही अल्बम मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. ‘सार्जंट पेपर’चा (१९६७) गाजावाजा जास्त, पण एकेक गाणं सुटं काढून ऐकलं तर १९६६चा ‘रिव्हॉल्व्हर’ कितीतरी भक्कम वाटतो. ‘एलिनॉर रिग्बी’त बीटल्सच्या चौघांपैकी एकानंही वाद्य वाजवलेलं नाही, चार व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो, बस्स. त्या तंतुवाद्यांचे तुटक, करकरीत फटकारे ऐका, एकटेपणा अंगावर येतो. शेवटच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये तंबोऱ्यासारखा एकच सूर धरून ठेवलाय, म्हणून आपल्या कानाला ते परकं वाटत नाही. आणि ‘लव्ह यू टू’मधला तबला अनिल भागवतांचा आहे, रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांचं नावही छापलंय. मला तर त्या ओळीचं फार अप्रूप आहे! फक्त १४ गाण्यांची ब्रिटिश आवृत्तीच घ्या. जुन्या अमेरिकन रेकॉर्डवर ११च गाणी आहेत, बीटल्समधल्या जॉन लेननची तीन गाळलेली, त्यात ‘आय’म ओन्ली स्लीपिंग’सुद्धा गेलं. मात्र सुटी गाणी नको, सलग एका माळेत गुंफलेला अल्बम हवा असेल, तर आधी ‘सार्जंट पेपर’ लावा.