मल्टिप्लेअर स्पेसशिप गेममध्ये स्टन (मारा लागलेले यान निकामी राहण्याचा काळ) चार सेकंदांचे आणि कूलडाउन (तोफ पुन्हा डागता येईपर्यंतचा काळ) बारा सेकंदांचा ठेवला तर चालेल का?

नेमके हेच आकडे आमच्या गेममध्ये होते, म्हणून उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

काही वर्षांपूर्वी नागपुरात मी आणि माझा कॉलेजचा एक मित्र असाच गेम बनवत होतो. मे महिन्यातल्या एका रात्री प्रतापनगरला त्याच्या घरी सहा लॅपटॉप जोडून आम्ही तीन विरुद्ध तीन अशी चाचणी घेतली. आयन तोफेचा मारा लागला की समोरच्या यानाचे इंजिन, तोफा आणि ढाल सगळेच चार सेकंद बंद पडत असे. मित्राच्या बाजूच्या तिघांनी दहा मिनिटांतच युक्ती शोधली, ती म्हणजे एकच यान धरायचे आणि आळीपाळीने आयन तोफ डागायची. तीन चोक बारा. तिसऱ्याचे स्टन संपते तोच पहिल्याची तोफ पुन्हा तयार. आमची दोन हलकी याने फुटल्यावर माझा आतेभाऊ एकटा उरला. त्याचे यान सर्वांत जाड चिलखताचे असल्यामुळे ते लवकर फुटेना. अखेर त्याने माउसवरचा हात काढला, अंगणात जाऊन कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतले आणि हात पुसत परत आला, तरी यान तसेच लुळे पडलेले होते.

मित्राचे म्हणणे असे की स्टन चुकवणे हेच कौशल्य आहे, आणि फार तर कालावधी तीन सेकंद करू. तीन केले तर तिघांऐवजी चौघे लागतील, एवढाच फरक पडेल, हे मी त्याला कागदावर मांडून दाखवले. त्यावर तो म्हणाला, "तू हरलास म्हणून बोलतोस."

माझे मत आजही तेच आहे. स्टनचा हिशेब तोफेच्या बाजूने न ठेवता मार खाणाऱ्या यानाच्या बाजूने ठेवला पाहिजे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये खेळाडूंच्या आपसातील लढाईत अनेक वर्षे हाच नियम चालला: थोड्या वेळात लागलेले त्याच प्रकारचे दुसरे स्टन निम्मे टिकते, तिसरे पाव, आणि चौथे लागतच नाही. आपले चार सेकंद घेतले तर चार, दोन आणि एक मिळून सात सेकंद होतात, मग मारणारे तीन असोत की तेरा.

अंतराळातलेच उदाहरण हवे असेल तर 2003 पासून चालू असलेले ईव्ह ऑनलाइन पाहावे. तिथे जॅमर, म्हणजे समोरच्याचे सेन्सर गोंधळवणारे यंत्र, लागला की वीस सेकंद कोणावरही लॉक, म्हणजे नेम, धरता येत नसे, आणि तो लागणार की नाही हे जॅमर व सेन्सर यांच्या ताकदीच्या गुणोत्तरावर, म्हणजे शेवटी फाशांवर ठरत असे. 2018 मध्ये नियम बदलून निदान जॅम करणाऱ्या यानावर तरी लॉक धरण्याची मुभा देण्यात आली, म्हणजे अडकलेल्या खेळाडूला बसल्या बसल्या एक तरी काम मिळाले. त्याच गेममधली वेब फक्त वेग कमी करते आणि न्यूट्रलायझर फक्त ऊर्जा संपवतो. एका हत्याराने यानाची एकच गोष्ट काढून घ्यावी. सगळे एकदम बंद पाडणे हा मला डिझायनरचा आळस वाटतो.

कूलडाउनचा आकडा मात्र मी सांगणार नाही, कारण इंजिन बंद पडल्यावर आपले यान थांबते की वाहत राहते, हे आपण लिहिलेले नाही. आमच्याकडे घर्षण नव्हते, त्यामुळे वेगात असताना स्टन झालेले यान तसेच पुढे निघून तोफेच्या टप्प्याबाहेर जाई आणि मारणाऱ्याचीच पंचाईत होई.

एकास एक लढतीत चार-बारा हे आकडे चालूनही जातील. त्या रात्री सर्वांत आधी स्टन होऊन फुटलेले यान माझे होते, हेही मान्य करतो. तरीही आपल्याबरोबर गेम बनवणाऱ्या कोणाला हे पटत नसेल, तर त्याला तीन आयन तोफांसमोर एकटे बसवावे आणि मोबाइलवर वेळ मोजावी. मी माझ्या मित्राला तेव्हा हेच सुचवले होते. तो काही बसला नाही.