ग्राफीनची बाटली: हिशेब लिटरमध्ये करून पाहू

तुम्ही लिहिलंय की, इंजिन ऑइलमध्ये घालायच्या ग्राफीनच्या सहा बाटल्या सवलतीत मिळताहेत, मायलेज १५ टक्के वाढेल असं विक्रेता सांगतो आणि पैसे अडीअडचणीसाठी ठेवलेल्या रकमेतून काढायचा विचार आहे. माझं उत्तर स्पष्ट आहे: घेऊ नका, एकही नको.

एका बाटलीला १२ लिटर इंधनाएवढे पैसे पडतात, असं तुम्हीच कळवलंय. महिन्याला ६०० किलोमीटर, लिटरला १५, म्हणजे वर्षाला ४८० लिटर. ऑइल तुम्ही वर्षातून एकदा बदलता, त्याच्याबरोबर बाटलीतला मालही जातो. नुसते पैसे वसूल व्हायलाच अडीच टक्के बचत हवी. सहावी बाटली तर सहाव्या वर्षी उघडाल!

ग्राफीन ही थाप नाही. कार्बनच्या अणूंचा हा एकेरी थर वेगळा करून दाखवणाऱ्या गाइम आणि नोव्होसेलॉव्ह यांना २०१० चं नोबेल मिळालं. थर एकमेकांवरून सहज सरकतात, त्यामुळे घर्षण घटतं, हेही खरं. पण चालत्या इंजिनात बहुतेक ठिकाणी धातू धातूला टेकतच नाही. मध्ये ऑइलचा पापुद्रा असतो आणि तिथलं घर्षण ऑइलच्या दाटपणावर ठरतं. ग्राफीनला वाव मिळतो तो पिस्टन रिंगा वर-खाली टोकाला थबकतात तिथे, किंवा कॅमवर, म्हणजे झडपा उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यावर. त्या जागांसाठी चांगल्या ऑइलमध्ये जस्ताची, बऱ्याचदा मॉलिब्डेनमचीही संयुगं आधीच असतात. शिवाय ग्राफीनचे कण गोळा होऊन तळाशी बसण्याची अडचण आहेच.

मित्राला फरक जाणवला म्हणता. मायलेज आपण टाकी फुल करून मोजतो, पण पंपावर नोझल एकदा खटकन बंद झाल्यावर टाकीत आणखी लिटर-दीड लिटर मावतं. ३५ लिटरच्या टाकीत हीच चूक तीन-चार टक्क्यांची होते. एका गाडीवर अडीच टक्के पकडणार कसे? वीस टॅक्स्या असत्या तर दहांत घालून, दहा तशाच ठेवून सहा महिने नोंदी ठेवा म्हटलं असतं.

गाडीचं मॅन्युअल मात्र उघडा. त्यात दिलेल्या ग्रेडचंच, म्हणजे तेवढ्याच दाटपणाचं ऑइल घाला, वेगळं ग्रेड वापरत असाल तर तिथेच एक-दोन टक्के सुटतात. बाहेरचं काही मिसळायला मनाई आहे का, तेही वाचा, वॉरंटी अजून बाकी आहे तुमची. टायरची हवा महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना तपासा. अडीअडचणीची रक्कम जेमतेम दोन महिन्यांच्या खर्चाएवढी आहे, तिला हात लावू नका.