कविता ताजा कलमात राहिली

प्रश्न: चार वर्षं एकाच नाटकात तीच भूमिका करते आहे. संवाद अंगात मुरलेत, पण तिसरी घंटा झाली तरी आत काही हलत नाही. गेल्या महिन्यात एका प्रयोगात अचानक सगळं नवं वाटलं. त्यावर 24 ओळींची कविता लिहिली, सोबत पाठवते आहे. मैत्रीण म्हणाली, "छान आहे, पण मला काही झालं नाही." कुठे चुकलं? आणि ते वाटणं खरं होतं, की मी नुसती घाबरले होते?
ता. क. त्या दिवशी सहकलाकाराने कप भलत्याच बाजूला ठेवला होता. माझा हात रिकाम्या टेबलावर पडला आणि कित्येक प्रयोगांनंतर मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

उत्तर: तुमची कविता त्या ताजा कलमात राहून गेली आहे. 24 ओळींत नवचैतन्य आहे, झरा आहे, पालवी आहे, शेवटी टाळ्याही आहेत. कप मात्र कुठेच नाही. मैत्रिणीला काही झालं नाही, कारण कवितेत काही घडतच नाही. पहिल्याच ओळीत तुम्ही आनंदात आहात, मग वाचणाऱ्याने कुठून कुठे यायचं?

आधी कंटाळा लिहा, आणि तो मनापासून लिहा. साधारण 14 ओळी त्यालाच द्या. "मी थकले होते" असं सांगू नका. हात, पाय, ओठ काय करतात ते लिहा, आणि ते चालू असताना डोक्यात परतीच्या गाडीची वेळ कशी घोळते, तेही. या भागाला अष्टाक्षरी चांगली शोभेल, कारण तिची चाल ठरलेली असते:

तीन पावलं, वळण.
हात जातो कपाकडे.
वाक्य येतं आपोआप.
कप नाही.

पहिल्या तीन ओळी आठ-आठ अक्षरांच्या, चौथी चारचीच. कानाला आठाची सवय लागलेली असते, म्हणून उरलेली चार अक्षरं रिकाम्या टेबलासारखी जाणवतात. मोजताना जोडाक्षर एकच धरायचं: "वाक्य" म्हणजे दोन अक्षरं. आठ भरत नाहीत म्हणून "गं", "हो", "च" घालायचा मोह होईल, तिथे शब्दच बदला. भरतीची अक्षरं लगेच ऐकू येतात.

"कप नाही" या ओळीनंतर छंद सोडून द्या. पुढच्या सहा-सात ओळी वेड्यावाकड्या येऊ द्यात: कोरडी पडलेली जीभ, गार झालेली बोटं, समोरच्याच्या भुवईवरचा घाम. आणि शेवटी "तीन पावलं, वळण" ही ओळ अक्षरही न बदलता पुन्हा आणा. आधी ती यंत्रासारखी वाटली होती. आता वाचणारा स्वतःच थबकतो, या वेळी वळल्यावर काय दिसेल म्हणून. मग "पुन्हा", "नव्याने", "उमेद" हे शब्द लागतच नाहीत. असतील ते खोडा. टाळ्याही काढा. त्या राहिल्या तर कविता कौतुकाची होते, आणि तुमचं कौतुक तर त्या चार वर्षांतही होत असणारच.

आता दुसरा प्रश्न. भीती आणि उत्सुकता शरीरात जवळपास सारख्याच दिसतात. छाती धडधडते, लाळ कमी होते, त्वचेकडचं रक्त कमी झाल्याने बोटं गार पडतात. फरक शोधायचा तो लक्ष कुठे गेलं यात. घाबरलेला माणूस स्वतःकडे पाहतो: मी कशी दिसते आहे, चुकले का? तुम्ही समोरच्याकडे पाहिलंत. त्या वाटण्यावर शंका घेऊ नका, ते खरं होतं.

पण कप मुद्दाम हलवायला सांगू नका. ठरवून केलेली चूक दोन-तीन प्रयोगांत तालमीचाच भाग होते, शिवाय दुसऱ्याचा हात नको तिथे अडखळतो. त्यापेक्षा प्रत्येक प्रयोगात समोरच्याचं एकच वाक्य निवडा आणि त्याचा शेवटचा शब्द कानावर पडेपर्यंत आपलं वाक्य मनात जुळवू नका. दर वेळी वाक्य बदला.

कविता पुन्हा लिहून झाली की त्याच मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवा, कागद हातात देऊ नका. "आवडली का?" असं न विचारता "कान कुठे टवकारले?" एवढंच विचारा. तिने "कप नाही" ही ओळ सांगितली नाही, तर आधीचा कंटाळा अजून अपुरा आहे. तिथे चार ओळी वाढवा.