'एखा'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: मराठी बायबलात 'विलापगीत' नावाचं पुस्तक आहे, त्याचं हिब्रू नाव 'एखा'. मग 'एखा' म्हणजे विलाप का?

नाही. 'एखा' म्हणजे 'कसं!'. (यातला ख उर्दूतल्यासारखा, घशातून घासत येणारा.) हिब्रूत पुष्कळ पुस्तकांना सुरुवातीच्या शब्दावरून नाव पडतं, तसंच हे. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडलं, त्यावरच्या पाच कविता यात आहेत. 'विलापगीत' हे भाषांतर आहे ते जुन्या ज्यू पंडितांनी वापरलेल्या 'कीनोत' या दुसऱ्या नावाचं. 'कीना' म्हणजे मेलेल्यासाठी म्हणायचं गाणं. रडण्यासाठी बोलावलेल्या बायकांना बायबलातला संदेष्टा यिर्मया 'मेकोनेनोत' म्हणतो, तो शब्दही याच धातूतला.

मराठीत 'विलापिका'ही आहे, पण ती एका कवीची, ठरावीक माणसांसाठी. राजा शौल आणि त्याचा मुलगा योनाथान लढाईत पडल्यावर दाविदाने म्हटलेल्या कीनेला ती शोभते. तिथे 'एखा'चंच आखूड रूप येतं: 'एख नाफ्लू गिब्बोरीम', कसे पडले हो वीर! इथे मात्र अख्खं गाव रडतंय, म्हणून 'विलापगीत'च बरं. 'रडगाणं' अजिबात नको. त्यात कुरकुर ऐकू येते.

आता पहिली ओळ: 'एखा याश्वा वादाद, हाईर रब्बाती आम'. मी ती अशी करेन:

कशी बसली एकटी
नगरी माणसांनी भरलेली!

पहिल्या अर्धात तीन शब्दांचा ठोका आहे. कीनेत पुष्कळदा तीन आघात आणि मग दोनच असतात, दुसरा अर्ध लंगडतो. इथला दुसरा अर्ध मराठीत तीन शब्दांचा झाला. 'नगरी भरलेली' म्हटलं तर ठोका जमतो, पण 'आम', म्हणजे लोक, हरवतात. मी ठोका सोडेन, माणसं नाही.

'नगरी'च हवी. हिब्रू 'ईर' स्त्रीलिंगी आहे आणि पुढच्याच शब्दांत ती विधवेसारखी झाली असं येतं. 'शहर' घातलं की ते नपुंसकलिंगी होतं आणि उपमा तिथेच मोडते. 'बसली'ही सोडू नये. 'ओसाड पडली' केलं तर भिंती दिसतात, 'बसली' म्हटलं की शोकाला बसलेली बाई दिसते. ज्यू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला ज्यू लोक उपास धरून हे पुस्तक जमिनीवर किंवा बुटक्या आसनावर बसून वाचतात. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंकडे हा दिवस वालाच्या बिरड्यावरून 'बिरड्याचा सण' म्हणून ओळखला जाई.

ओळीशेवटी उद्गारचिन्हच द्यावं. प्रश्नचिन्ह दिलं की 'कोणत्या प्रकारे बसली?' असा अर्थ होतो. हा 'कशी' 'कसा रे गेलास सोडून'मधला आहे, त्याला उत्तर नको असतं.

उत्तर हवं असलेला प्रश्न दुसऱ्या अध्यायात आहे, आणि तो मुलांचा आहे. वेढ्यात उपाशी पोरं रस्त्यात कोसळताहेत आणि आईला विचारताहेत, 'अय्ये दागान वायायिन?' म्हणजे 'दाणे कुठे, द्राक्षरस कुठे?' तिथे 'एखा' नाही, साधं 'कुठे' आहे. त्याच ओवीत, आईच्या उराशी, त्यांचा जीव जातो. तिथे प्रश्नचिन्ह द्यावंच लागतं.