डिस्क चेंजर घ्यावा का, ठेवावा का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

तीन किंवा पाच डिस्क एकदम बसणाऱ्या डीव्हीडी प्लेअरबद्दलची, म्हणजे डिस्क चेंजरबद्दलची, बरीच पत्रे साठली होती. गाव बदलते, गोंधळ बहुधा तोच असतो. नवा टीव्ही आला आणि जुन्या प्लेअरची वायर कुठेच बसेना, किंवा साफसफाईत लग्नाच्या डिस्क सापडल्या आणि त्या चालेनात. म्हणून या वेळी हाच विषय घेतो.

प्रश्न : आमच्याकडे तीन डिस्कचा चेंजर आहे आणि चालू आहे. आता तो ठेवण्यात अर्थ आहे का? (सातारा)

चालू असेल तर जरूर ठेवा. व्हीसीडीवर 74 ते 80 मिनिटांचाच मजकूर मावत असे, त्यामुळे एक सिनेमा किंवा तीन अंकी नाटक दोन-तीन डिस्कवर यायचे. अंक संपला की उठून डिस्क बदलायची, ही कटकट चेंजरने वाचवली. डीव्हीडीच्या एका थरात 4.7 जीबी आणि दोन थरांत 8.5 जीबी मावू लागले, आख्खा सिनेमा एका डिस्कवर आला आणि सिनेमापुरती तरी चेंजरची गरज कमी झाली. तुमच्याकडे नाटकांच्या व्हीसीडी आणि गाण्यांच्या सीडी असतील, तर आजही तो सोयीचा आहे. फक्त सिनेमे पाहायचे असतील, तर मुद्दाम शोधून चेंजर घेऊ नका. एका डिस्कच्या साध्या प्लेअरमध्ये हलणारे भाग कमी असतात, त्यामुळे बिघाडही कमी.

प्रश्न : पाच डिस्कचा जुना प्लेअर विकत घेतो आहे. दुकानदाराने एक सिनेमा लावून दाखवला, चित्र छान आले. एवढी तपासणी पुरे का? (नाशिक)

अजिबात पुरे नाही. दुकानदार स्वतःची डिस्क, स्वतःच्या पसंतीच्या खाचेत लावून दाखवतो. त्यावरून एवढेच कळते की त्या खाचेतली ती डिस्क चालते.

घरून तीन प्रकारच्या डिस्क न्या: दोन थरांचा विकतचा सिनेमा, घरी किंवा स्टुडिओत रेकॉर्ड केलेली डीव्हीडी आणि गाण्यांची सीडी. दोन थरांच्या डिस्कवरून लेझरचा प्रकाश कमी परततो, त्यामुळे पिकअप, म्हणजे ज्याला सगळे 'लेन्स' म्हणतात तो भाग, थकू लागला की तिथे लवकर कळते. सीडीसाठी वेगळा लेझर लागतो. डीव्हीडीचा लाल, 650 नॅनोमीटरचा, आणि सीडीचा अवरक्त, 780 नॅनोमीटरचा. एक चालतो म्हणून दुसरा ठीक आहे असे समजू नका.

पाचही खाचा भरा आणि रिमोटवरून उलटसुलट क्रमाने डिस्क मागवा. डिस्क ठेवायची फिरती चकती योग्य जागी थांबते का, की पुढे जाऊन मागे येते? ट्रे अडखळत उघडत असेल तर रबरी बेल्ट सैल झालेला असू शकतो. ते काम छोटे आहे, पण त्या मॉडेलचा बेल्ट मिळायला हवा. एक डिस्क चालू असताना ट्रे उघडून बाकीच्या बदलता येतात का, तेही पाहा. ही सोय काही मॉडेलमध्ये असते, काहींत नसते. डीव्हीडी आतून बाहेरच्या कडेकडे वाचली जाते, म्हणून एका थराच्या डिस्कवर शेवटची दहा मिनिटे लावून बघा. दोन थरांच्या सिनेमात मध्येच क्षणभर चित्र थांबले तर घाबरू नका, तिथे थर बदलतो. प्लेअर तासभर चालू ठेवून, तापल्यावर हीच तपासणी पुन्हा करा. मूळ रिमोट नसेल तर किंमत सरळ पाडून मागा, कारण सेटिंगचा मेनू बऱ्याचदा फक्त रिमोटवरूनच उघडतो.

'लेन्स नवीन टाकली आहे' हे वाक्य बिलाशिवाय मानू नका. शक्य असेल तर ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर न्या.

प्रश्न : नव्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना नाहीत. दुकानातून कन्व्हर्टर आणला, तरी चित्र येत नाही. दुकानदार म्हणतो प्लेअर गेला. (ठाणे)

प्लेअर गेला हे त्याने कशावरून ठरवले? आधी तुमच्या हातातली डबी उलट्या दिशेची नाही ना ते पाहा. एक डबी एचडीएमआयचे एव्ही (म्हणजे लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचे) करते, दुसरी एव्हीचे एचडीएमआय. दोन्ही दिसायला सारख्या. तुम्हाला दुसरी हवी, आणि तिला वेगळी वीज द्यावी लागते. त्याही आधी टीव्हीच्या मागे 'एव्ही' लिहिलेले एकच गोल छिद्र आहे का ते बघा. असेल तर त्याची छोटी केबल पुरते, डबीची गरजच नाही. मात्र टीव्हीच्या पुस्तिकेत दाखवलेलीच केबल घ्या, कारण त्यांची अंतर्गत जोडणी एकसारखी नसते.

'चित्र एचडी होईल' असे कोणी सांगितले तर पैसे खिशातच ठेवा. पाल पद्धतीच्या, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या जुन्या पद्धतीच्या, डीव्हीडीवर 720 गुणिले 576 एवढेच ठिपके असतात. डबी ते ताणून मोठे करते, नवा तपशील कुठून आणणार?

प्रश्न : पाच डिस्कच्या होम थिएटरवर कित्येक हजार वॅट पीएमपीओ लिहिले आहे. चांगला आहे ना? (कोल्हापूर)

त्या आकड्याकडे पाहू नका. पीएमपीओ मोजण्याची कुठलीही एक ठरलेली रीत नाही. क्षणभराच्या कमाल आवाजाचा हिशेब करून ज्याला जो आकडा छापायचा तो छापतो. सेटच्या मागच्या पट्टीवर वीज किती वॅट खाते ते लिहिलेले असते. जो सेट 80 वॅट वीज घेतो, तो सतत हजारो वॅट आवाज कसा देईल? आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारी ताकद, विचारा, आणि तुमच्याच सीडीवरचे एखादे ओळखीचे गाणे मोठ्या आवाजात ऐका. ही फसवणूक इतकी वर्षे चालू आहे, आणि जुन्या मालाच्या बाजारात तेच स्टिकर अजून ग्राहकाला भुलवते, याचा मला राग येतो.

प्रश्न : भावाने न्यू जर्सीहून पाच डिस्कचा प्लेअर आणला आहे. इथे लावू का? (पुणे)

मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लगला हात लावू नका. '100 ते 240 व्होल्ट' लिहिले असेल तर फक्त पिनेचा अॅडॅप्टर पुरेल. फक्त 120 व्होल्ट असेल, तर आपल्याकडच्या 230 व्होल्टवर तो जळेल. योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो इलेक्ट्रिशियनला विचारूनच घ्या. दुसरी अडचण रीजनची, म्हणजे कोणती डिस्क जगाच्या कोणत्या भागात चालावी हे ठरवणाऱ्या क्रमांकाची. अमेरिकेचा रीजन 1, भारताचा 5. तिकडचा प्लेअर इथल्या 5 क्रमांकाच्या डिस्क नाकारेल. रिमोटवर अमुक आकडे दाबले की कोणताही प्लेअर 'ऑल रीजन' होतो, ही ऐकीव गोष्ट आहे. काही मॉडेलना तशी सोय असते, काहींना नसते. भलतेसलते आकडे दाबत बसू नका.

प्रश्न : ओरखडे घालवायला टूथपेस्ट चालते का? (बारामती)

नाही. मऊ ओल्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही.

प्रश्न : ब्रशवाली लेन्स क्लीनर डिस्क चेंजरमध्ये घालू का? (अकोला)

अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेतच तिला मनाई आहे. लेन्स मेकॅनिककडून साफ करून घ्या.

प्रश्न : माझ्या लग्नाच्या आणि आईच्या एकसष्टीच्या डिस्क कित्येक वर्षे प्लेअरच्या ट्रेमध्येच आहेत. आता 'नो डिस्क' येते. दुकानदार म्हणतो मशीनवर घासून देतो. देऊ का? (चिपळूण)

देऊ नका. आणि हे उत्तर चेंजर असलेल्या प्रत्येकाने वाचावे.

पाच खाचा असल्या की लोक त्यात पाच डिस्क ठेवून देतात आणि विसरतात. चेंजर हे कपाट नव्हे. आत वीजपुरवठ्याच्या भागाची ऊब असते, डिस्क उघड्या पडलेल्या असतात, धूळ बसते, आणि कोकणातला पावसाळा वेगळा सांगायला नको. विकतच्या सिनेमात माहिती साच्याने दाबलेली असते. स्टुडिओने दिलेल्या डिस्कमध्ये मात्र रंगद्रव्याचा थर असतो आणि त्यावर लेझरने खुणा उमटवलेल्या असतात. उष्णता, ऊन आणि दमट हवेने तो थर हळूहळू बिघडतो. वरून डिस्क चकचकीत दिसते, आत मजकूर पुसट होत असतो. त्यात स्टुडिओने नवरा-नवरीच्या फोटोचा कागद चिकटवला असेल तर आणखी वाईट. उबेने कागद सुटतो, डिस्क वाकते आणि चेंजरच्या यंत्रणेत अडकते.

आता घासण्याविषयी. डीव्हीडी 1.2 मिलिमीटर जाड असते आणि माहिती मधोमध, 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या सांध्यात असते. घासून फक्त बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो. रंगद्रव्य उडाले असेल तर घासून काय परत येणार? उलट एकमेव प्रत आणखी पातळ होईल.

काय करायचे ते क्रमाने सांगतो. त्याच प्लेअरमध्ये विकतचा दोन थरांचा सिनेमा लावा. तोही चालला नाही, तर दोष बहुधा पिकअपचा आहे आणि तुमच्या डिस्क शाबूत असू शकतात. सिनेमा चालला तरी आशा सोडू नका. डिस्क पुसा आणि संगणकाच्या ड्राइव्हमध्ये लावा. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा वाचतो, हे नेहमी घडते. वाचली गेली की पाहत बसू नका. आधी 'व्हिडिओ टीएस' हे फोल्डर पूर्ण, जसेच्या तसे हार्ड डिस्कवर उतरवा. मग दुसऱ्या हार्ड डिस्कवर आणखी एक प्रत, आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. फक्त पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नका. कॉपी मध्येच अडकत असेल, तर रात्रभर तीच डिस्क फिरवत ठेवू नका. थांबा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याला दाखवा.

दुकानात काम देणार असाल तर दोन गोष्टी आधी विचारा. मूळ फाइल जशाच्या तशा देणार, की दाबून लहान केलेल्या? डिस्क तुमच्यासमोर वाचणार, की ठेवून जायला सांगणार? 'सगळे एका पेनड्राइव्हवर टाकून देतो' याचा अर्थ पुष्कळदा चित्राचा दर्जा उतरवून टाकणे असा असतो, आणि मूळ डिस्क नंतर वाचली गेली नाही तर ते नुकसान भरून निघत नाही. लग्नाचे चित्रण केलेल्या स्टुडिओलाही विचारून पाहा, त्यांच्याकडे प्रत असू शकते.

आणि मुलगा सुट्टीत येईल तेव्हा बघू, दिवाळीत बघू, हे कृपा करून थांबवा. या आठवड्यातच करा. प्लेअर दुसरा मिळेल, पण एकसष्टीला आईने केलेले भाषण पुन्हा चित्रित करता येणार नाही. (हे सगळे घरच्या चित्रणाविषयी. विकतच्या सिनेमांच्या नकला काढायला कॉपीराइट कायदा आडवा येतो.)

प्रश्न : जुन्या हॅंडीकॅमच्या लहान डिस्क चेंजरमध्ये चालतील का? (मडगाव)

ट्रेमध्ये 8 सेंटीमीटरची आतली खाच असेल आणि पुस्तिकेत तसे लिहिले असेल तरच घाला, नाहीतर अडकेल. खाचेत नीट बसूनही 'नो डिस्क' आले, तर डिस्क फायनलाइज केलेली नसावी, म्हणजे इतर प्लेअरला वाचता यावी म्हणून रेकॉर्डिंग पूर्ण करून बंद केलेली नसावी. ते काम शक्यतो त्याच कॅमेऱ्यात करावे लागते, म्हणून कॅमेरा, त्याचा चार्जर आणि बॅटरी भंगारात देऊ नका. संगणकाने 'डिस्क कोरी आहे, फॉरमॅट करू का' असे विचारले तर 'नाही' म्हणा आणि जाणकाराकडे न्या. या डिस्कवर साधारण अर्ध्या तासाचे चित्रण असते. त्यांचीही प्रत वर सांगितल्याप्रमाणेच काढा.

प्रश्न : घर बदलतो आहोत. चेंजर कसा न्यावा? (डोंबिवली)

सगळ्या खाचा रिकाम्या करा, ट्रे बंद होऊ द्या, मगच वीज काढा. वाहतुकीचा स्क्रू असेल तर पुस्तिकेप्रमाणे लावा. डिस्क टेम्पोत देऊ नका, स्वतःच्या पिशवीत घ्या.