लहान मेंदूच्या स्ट्रोकनंतर बाबांच्या पायांत ताकद आहे, तरी चालताना एका बाजूला कलतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की स्ट्रोकला दीड महिना झाला, बाबा पलंगावर पडून दोन्ही पाय व्यवस्थित उचलतात, पण उभे राहिले की उजवीकडे झुकतात आणि चार पावलांत भिंत धरतात. नातेवाईक तेलमालिश आणि पायाला वाळूची पिशवी बांधून व्यायाम सुचवताहेत. मी न्यूरो फिजिओथेरपी करते. असे पेशंट नेहमी येतात आणि बहुतेकांच्या घरी हाच घोळ असतो: अर्धांगवायू म्हणजे कमजोरी, म्हणून ताकद वाढवा. तुमच्या बाबांची अडचण ताकदीची नाहीच.

लहान मेंदू (सेरेबेलम) म्हणजे डोक्याच्या मागे, खालच्या बाजूला असलेला मेंदूचा भाग. आकाराने तो सगळ्या मेंदूच्या एक दशांशाइतका, पण मेंदूतल्या निम्म्याहून जास्त चेतापेशी तिथे असतात. पाऊल किती पुढे टाकायचं, कुठे थांबवायचं, धड कितपत सावरायचं, हा हिशेब तो क्षणोक्षणी दुरुस्त करत असतो. तराजू दणकट, मापं खरी, फक्त पासंग बिघडलेला, तसं बाबांचं झालंय. मोठ्या मेंदूचा स्ट्रोक विरुद्ध बाजूच्या हातापायांवर दिसतो. लहान मेंदूचा मात्र त्याच बाजूला. त्यामुळे रिपोर्टमध्येही बहुधा उजवी बाजूच लिहिलेली असेल. मधला भाग दुखावला असेल तर धडच डोलतं, नुसतं बसणंही जड जातं. बाजूचा भाग असेल तर हात-पाय नेम चुकतात.

पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या न्यूरोलॉजिस्टने लहान मेंदूला गोळी लागलेले सैनिक तपासले आणि 1917 मध्ये त्यावर लिहिलं. त्यांच्या एका पेशंटचं म्हणणं मी प्रत्येक घरी सांगते: डावा हात आपोआप चालतो, उजव्याची प्रत्येक हालचाल मला विचार करून करावी लागते. बाबा पंधरा मिनिटांत का दमतात, चालताना कुणी हाक मारली की का भेलकांडतात, ते यावरून कळेल. चालणं आता त्यांच्यासाठी पूर्ण लक्ष लागणारं काम आहे. चालत असताना त्यांच्याशी बोलू नका. बाकीच्यांनाही सांगा. (आणि सोसायटीत कुणी "घेतलीय का?" अशा नजरेने बघितलं तर बाबांना बाहेर नेणं बंद करू नका. हे फार घरांत होतं.)

आता शरीर ताठ ठेवण्याबद्दल. तोल जातोय म्हटल्यावर माणूस पाय फाकवतो, खांदे वर चढवतो, मान आवळून धरतो आणि नजर जमिनीला लावतो. तात्पुरती सोय म्हणून ठीक, पण हळूहळू हीच सवय होते. मान आणि कंबर दुखायला लागते आणि, त्याहून वाईट, डोकं हललंच नाही तर कानातल्या तोलाच्या यंत्रणेशी नव्याने जुळवून घ्यायची संधीच मेंदूला मिळत नाही. चक्करेच्या गोळ्यांचंही तेच. पहिल्या काही दिवसांत त्यांचा उपयोग होतो, पण महिनोन्महिने चालू राहिल्या तर मेंदूचं जुळवून घेणं लांबतं. स्वतः बंद करू नका, पुढच्या भेटीत डॉक्टरांना "ही अजून हवी का?" एवढं मात्र नक्की विचारा.

सुरुवात बसण्यापासून करा. पलंगाच्या कडेला, पाठीला टेकू नाही, तळवे जमिनीवर. समोर, बाजूला, थोडं वर ठेवलेली वस्तू हात लांबवून घ्यायची. मग खुर्चीवरून सावकाश उठणं आणि त्याहून सावकाश बसणं, धपकन नाही. मग खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून उभं राहणं, पुढ्यात जड खुर्ची. पाय रोज थोडे जवळ आणायचे आणि ते जमलं की मान डावी-उजवीकडे वळवायची. पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना टेकवत एका रेषेत चालणं सगळ्यात शेवटी. एकदम तासभर करण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं बरं.

यात तुमचं काम अवघड आहे. दंड घट्ट धरून चालवलंत तर तोल तुम्ही सांभाळता, बाबा नाही. किंचित मागे आणि उजवीकडे राहा, हात कमरेजवळ तयार ठेवा, पण त्यांना डोलू द्या. डोलून सावरण्यातूनच मेंदू दुरुस्ती शिकतो.

वॉकर घाईने आणू नका. उचलून पुढे ठेवायचा साधा वॉकर अशा पेशंटला बऱ्याचदा जास्त हलवतो, कारण उचलताना तोल पुन्हा जातो. चाकं आणि ब्रेक असलेला थोडा जड वॉकर आधी वापरून बघा, मगच विकत घ्या.

बाथरूमची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ओली फरशी, त्यात तोंडाला साबण लावला की डोळे बंद, म्हणजे तोलाचा उरलेला आधारही गेला. अंघोळ बसूनच, आणि हलक्या प्लास्टिकच्या स्टुलावर नाही. न सरकणारी खुर्ची घ्या. भिंतीला पक्का दांडा बसवा. रात्री संडासच्या वाटेवर छोटा दिवा राहू द्या. स्लिपर बंद, मागे पट्टा असलेली चप्पल.

सुधारणा पहिल्या तीनेक महिन्यांत जास्त वेगाने दिसते, नंतरही होते पण सावकाश. इजा लहान मेंदूच्या आतल्या केंद्रकांपर्यंत (खोलवरच्या चेतापेशींच्या पुंजक्यांपर्यंत) गेली असेल तर वेळ जास्त लागतो आणि थोडा दोष राहूही शकतो. वरच्या थरापुरतीच असेल तर पेशंट खूपच चांगले सावरतात. तुमच्या न्यूरोलॉजिस्टना एमआरआय समोर ठेवून हे थेट विचारा. आणि अचानक नवी डोकेदुखी, उलट्या, गुंगी, दुहेरी दिसणं किंवा बोबडी वळणं यांतलं काहीही झालं, तर व्यायाम राहू द्या, तडक हॉस्पिटल गाठा.

फिजिओथेरपिस्ट निवडताना न्यूरोचे पेशंट किती बघता ते विचारा. पहिल्या भेटीत बाबांना उभं करून, चालवून न बघता कुणी थेट मशीनचा शेक लावला, तर दुसरा शोधा.