सहकुटुंब मुक्कामासाठी पिकअप कोणती घ्यावी?

प्रश्न : आम्ही सोलापूरचे पाच जण सुट्टीत उजनीच्या काठी तंबू ठोकून राहतो. त्यासाठी पिकअप घ्यावी का?

उत्तर : जरूर घ्यावी, मात्र दुहेरी केबिनची, म्हणजे आसनांच्या दोन रांगा असलेली, व पाच आसनांचीच; इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या तशा गाड्या आहेत. भारवहन क्षमतेत माणसांचेही वजन धरावे लागते, हे बहुतेक जण विसरतात : पाच जणांचे सुमारे ३०० किलो आणि पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन ४० किलो, एवढा भार तंबू चढवण्याआधीच होतो. आपल्याकडची काळी माती एका सरीत टायरच्या खाचांत लिंपून बसते आणि चाक जागीच फिरत राहते, म्हणून फोर-व्हील ड्राइव्हच, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडीच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. नोंदणी खासगी होणार की मालवाहू, हे पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.